आजारपण घरात, रजा कचेरीत

वडील घरात घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. सत्तरी ओलांडलेली माणसे असलेल्या घरांत हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. पुढे काही दिवसांत मुलगा किंवा सून दवाखान्यात येते आणि अवघडून विचारते, ‘डॉक्टर, माझ्या नावाने तापाची चिठ्ठी द्याल का?’

अशी चिठ्ठी मी देत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार खोटे प्रमाणपत्र देणे हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरते, आणि ते उघडकीस आले तर नोकरदाराचीही पत जाते. मात्र रुग्णाच्या नावाचे खरे प्रमाणपत्र मागावे, हे फार थोड्यांना सुचते. ‘यांच्यावर शस्त्रक्रिया झाली असून तीन आठवडे उठण्याबसण्यास माणसाची मदत लागेल’, एवढा मजकूर पुरतो. वडिलांची संमती मात्र घ्यावी.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यानुसार कामगाराला वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते. वर्षात २४० दिवस काम केले असल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. राज्य कामगार विमा योजनेतील आजारपणाचा लाभ मात्र विमाधारक स्वतः आजारी असेल तरच मिळतो. आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी नव्हे. म्हणून साठलेली रजा जपून वापरावी.

बहुतेक कुटुंबे ती रुग्णालयाच्या बाकावर बसून संपवतात. तिथे परिचारिका असतात, एक माणूस पुरतो. खरी कसोटी घरी आणल्यानंतरच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत लागते: रात्री लघवीला उठवायचे, वॉकर हाती द्यायचा, व्यायाम करवून घ्यायचा, औषधांच्या वेळा सांभाळायच्या. मोठी रजा तेव्हासाठी राखावी. भावंडांनी एकदम रजा न टाकता पाळीपाळीने घ्यावी.

आता साहेबांविषयी. चांगले काम केले म्हणून माणसाला बढती मिळते. पण गैरहजर सहकाऱ्याशी कसे बोलावे, हे त्याला क्वचितच कोणी शिकवते. मग रोज सकाळी ‘कधी येताय?’ असा फोन जातो. त्याऐवजी किती दिवस लागतील, कोणते काम कोणाकडे सोपवायचे आणि फोन कधी केलेला चालेल, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. कर्मचारी परतल्यावर दहा मिनिटे एकांतात बोलावे. वारंवार उशिरा येणारा माणूस आळशीच असतो असे नाही. रात्री तीनदा उठणारी आई त्याच्या घरी असू शकते. आपल्यापैकी कित्येकांनी निवृत्तीपूर्वी हजेरीपट सांभाळला आहे. घरातील नव्या साहेबाला हे सांगण्याचा अधिकार त्यांना नक्कीच आहे.

ज्येष्ठांना एक विनंती. मुलाची रजा जाऊ नये म्हणून पडल्याचे लपवू नका. खुब्यात दुखत असेल, पायावर भार देता येत नसेल, किंवा डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर त्याच दिवशी सांगा, कचेरीत फोन करावा लागला तरी.