निबंध गाईडमधला नको, आपला हवा!

दहावीच्या मुलाला बाबासाहेबांवर इंग्रजीत निबंध लिहायला सांगा. पाच मिनिटांत तो पान भरून देईल. पण ते पान त्याचे नसते, गाईडवाल्याचे असते! आमच्या शेजारच्या वस्तीतील बुद्धविहारात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग चालतो. मध्यंतरी तेथे जाऊन आम्ही मुलांच्या वह्या चाळल्या. बहुतेकांचे पहिले वाक्य एकच : जन्म १४ एप्रिल १८९१, गाव महू. शेवटचे वाक्यही एकच : ते थोर नेते होते. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर. फक्त लिहिणारा गायब! ज्या महामानवाने आपले म्हणणे आयुष्यभर स्वतः मांडले, त्याच्यावरचा निबंध त्याच्या लेकरांनी उसना घ्यावा, ही शोकांतिका नव्हे काय?

निबंध ही आपल्याकडे परवा आलेली गोष्ट नाही. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, हा सवाल तिने त्यात केला. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसते, हे तिने लिहिले. तिच्यापुढे गाईड नव्हते. होते ते डोळ्यांनी पाहिलेले जगणे आणि ते मांडण्याची हिंमत.

बाबासाहेबांचेच पाहा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील जातींवर इंग्रजीत निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांच्या जातीच्या व्याख्या त्यांनी आधी मांडल्या, तपासल्या, त्यांतील उणिवा दाखवल्या आणि मग जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मूळ लक्षण असल्याचा आपला सिद्धांत पुढे ठेवला. निबंध म्हणतात तो याला. दुसरा काय म्हणतो ते प्रामाणिकपणे सांगायचे, ते पुराव्यावर घासायचे आणि मग आपले म्हणणे ठोकून मांडायचे.

काही बांधव विचारतात, मराठी असताना इंग्रजी कशाला? बाबासाहेबांनी दोन्ही हत्यारे वापरली. आपल्या माणसांना जागे करायला ‘मूकनायक’ मराठीत काढला. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातील मजकूर खटकल्यामुळे परिषदच रद्द केली, तेव्हा ते इंग्रजी भाषण त्यांनी स्वतः प्रसिद्ध केले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ नाकारले तरी शब्द थांबला नाही. कोणाशी बोलायचे आहे, यावर भाषा ठरते.

आणि नुसते लिहून भागत नाही, ते मांडावेही लागते. वृत्तपत्रांची नावेच पाहा : मूकनायक (१९२०), बहिष्कृत भारत (१९२७), जनता (१९३०), प्रबुद्ध भारत (१९५६). समाजाचा सारा प्रवास या चार नावांत आला! ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग आणि ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या छापण्यामागेही विचार होता. आज आपले फ्लेक्स पाहा. बाबासाहेब कोपऱ्यात आणि तीस शुभेच्छुकांचे चेहरे मध्यभागी! कार्यक्रम कोठे, किती वाजता, हे शोधायला भिंग लागते. सजावट म्हणजे रंग उधळणे नव्हे. वाचणाऱ्याच्या नजरेस आधी काय पडावे, हे ठरवणे म्हणजे सजावट. निबंधाचे पहिले वाक्य ठरवताना जी अक्कल लागते तीच येथे लागते.

त्या विहारातील शिक्षकाने नेमके हेच केले. गाईडे बंद करायला लावली आणि विषय दिला : आपल्या वस्तीचा नळ. मुलांनी आठवडाभर नोंदी ठेवल्या. पाणी कधी येते, किती वेळ टिकते, हंडे कोण भरते. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत निबंध लिहिले. चुका नंतर सुधारल्या. आई पाणी भरते आणि धाकट्याला मी सांभाळते, म्हणून माझी शाळेची प्रार्थना रोज चुकते, असे एका मुलीने लिहिले. हे वाक्य कोणत्या गाईडात सापडेल? पुढे त्याच निबंधांतून मुलांनी मोबाईलवर एक भित्तिपत्रक तयार केले. एक मथळा, एक फोटो, एक आकडा, एक मागणी. बाकी सारे काढून टाकले. काय काढायचे यावर तासभर भांडण झाले. खरे शिक्षण त्या भांडणात झाले! नळाचे पाणी अजून वाढलेले नाही. पण वॉर्ड ऑफिसातला अर्ज प्रथमच दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावा लागला नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीच्या पेपरात मजकुराचा तक्ता आणि तक्त्याचा मजकूर करायचा प्रश्नही असतो. पण तो गुणांपुरता पाठ होतो. पुढे परदेशी शिक्षणासाठी अर्ज करायची वेळ येते. तुम्हाला हेच का शिकायचे आहे, हे विद्यापीठ दोन पानांत विचारते. शिष्यवृत्तीच्या योजना आहेत, गुण आहेत, आणि हुशार पोरगा त्या दोन पानांवर अडतो! कारण ‘तुझे म्हणणे काय?’ हे बारा वर्षांत त्याला कोणी विचारलेलेच नसते. आता तर मोबाईलमधले यंत्र क्षणात निबंध लिहून देते. गाईड गेले, यंत्र आले. पोरगा मुका तो मुकाच!

म्हणून समाजातील शिक्षक, बँक कर्मचारी, इंजिनिअर, छपाई आणि डीटीपीच्या धंद्यातील बांधवांना आमची विनंती आहे. आठवड्यातून एक तास जवळच्या विहाराला द्या. एकाने लिहायला शिकवावे, दुसऱ्याने पान लावायला. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक विहाराच्या दारात मुलांनी स्वतः लिहिलेले, स्वतः मांडलेले एक इंग्रजी आणि एक मराठी भित्तिपत्रक लागू द्या. शुभेच्छुकांचा एक फ्लेक्स कमी झाला तरी चालेल.

मुक्ताने कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. आपल्या लेकींनी तरी का पाहावी?

जयभीम!