ऑइल बदलायचं ते किलोमीटर पाहून की तास मोजून?

मोटारगाडीच्या बाबतीत सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त परस्परविरोधी उत्तरं मिळणारा प्रश्न म्हणजे इंजिन ऑइलचा. कोणतं ऑइल घालावं आणि किती दिवसांनी बदलावं? गॅरेजवाला एक सांगतो, शेजारी दुसरं सांगतो, ऑइलच्या डब्यावर तिसरंच छापलेलं असतं. आणि गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक बहुतेकांच्या घरी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीतच पडून असतं.

हा प्रश्न शहरातल्या माणसाला जेवढा महत्त्वाचा, त्याहून अक्कलकुवा, मोलगी, धडगाव भागातल्या माणसाला अधिक महत्त्वाचा आहे. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारी जीप देवगोईच्या घाटात बंद पडली, तर फक्त मालकाचा दिवस बुडत नाही. त्या जीपमध्ये बाजाराला निघालेली माणसं असतात, टपावर आमचुराची पोती असतात, कधी दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस असतो. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

ऑइल करतं तरी काय?

इंजिन ऑइल फक्त वंगणाचं काम करतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे निदान चार कामं आहेत. पहिलं वंगणाचं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक अतिशय पातळ थर असतो, त्या थरावर क्रँक अक्षरशः तरंगत फिरतो. दुसरं, पिस्टनच्या खालच्या बाजूची आणि बेअरिंगची उष्णता वाहून नेण्याचं. तिथपर्यंत रेडिएटरचं पाणी पोहोचत नाही. तिसरं सफाईचं. इंधन जळून तयार होणारी काजळी ऑइल स्वतःत धरून ठेवतं, तिचे गोळे होऊ देत नाही. आणि चौथं, ज्वलनातून तयार होणारी आम्लं मारण्याचं. त्यासाठी ऑइलमध्ये क्षारयुक्त रसायनं मिसळलेली असतात.

आता लक्षात घ्या, यातली शेवटची दोन कामं करताना ऑइल स्वतः खर्ची पडतं. रसायनं संपत जातात, काजळी साठत जाते. शिवाय उष्णतेनं ऑइलचं ऑक्सिडेशन होतं, ते दाट आणि चिकट बनू लागतं. तापमान साधारण दर १० अंशांनी वाढलं की ही क्रिया जवळपास दुप्पट वेगानं होते. म्हणजे ऑइल ‘झिजतं’ ते या अर्थानं.

डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं आणि लोक घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. काळं होणं म्हणजे ऑइल काजळी धरून ठेवतंय, आपलं काम करतंय. बोटाच्या चिमटीत घेऊन ‘चिकटपणा गेला’ असं ठरवण्याची पद्धतही खरी नाही. गरम ऑइल बोटाला पातळच लागणार, आणि आम्ल मारण्याची ताकद किती उरली हे बोटाला कळत नाही. काळजी करायची ती ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला तर. पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढल्यावर किंवा हेड गॅस्केट गेल्यावर ऑइलमध्ये पाणी शिरतं, तेव्हा असा रंग येतो. अशी गाडी पुढे चालवूच नये.

डब्यावरचे आकडे

डब्यावर ‘१५ डब्ल्यू-४०’, ‘५ डब्ल्यू-३०’ असं लिहिलेलं असतं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो. आकडा जितका लहान, तितकं थंडीत वाहणं सोपं. नंतरचा आकडा इंजिन गरम असताना, १०० अंश सेल्सियसला, ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. म्हणजे ५ डब्ल्यू-४० आणि १५ डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं गरम इंजिनात एकाच श्रेणीची. पहिलं ‘पातळ’ आणि दुसरं ‘जाड’, असं म्हणणं चूक आहे. फरक पडतो तो सकाळी गाडी सुरू करताना.

१५ डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी शून्याखाली २० अंशांना घेतात. सातपुड्यात डाब, वालंबा भागात कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याच्या बातम्या येतात, तरी तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही. तेव्हा थंडीमुळे १५ डब्ल्यू ऑइल आपल्याकडे थिजणार नाही. मात्र कमी आकड्याचं ऑइल सकाळी लवकर वरपर्यंत चढतं, आणि सुरू होतानाचे ते पहिले काही क्षणच इंजिनाला जास्त झिजवतात. एवढा फायदा तिथंही आहेच.

मग उन्हाळ्याचं काय? खानदेशात पारा ४० च्या वर जातो, म्हणून ‘इकडे जाड ऑइलच हवं’ असा सल्ला सर्रास दिला जातो. जुन्या जीपच्या जमान्यात तो चालून गेला. पण इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेवर फारसं ठरत नाही, ते थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. आणि आजच्या इंजिनात बेअरिंगमधली फट कमी असते, ऑइलचे मार्ग बारीक असतात, साखळी ताणणारे आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारे भाग ऑइलच्याच दाबावर चालतात. ज्या पेट्रोल गाडीला कंपनीनं ० डब्ल्यू-२० किंवा ५ डब्ल्यू-३० सांगितलंय, तिच्यात २० डब्ल्यू-५० ओतलं तर ऑइल वेळेवर पोहोचत नाही आणि इंधनही जास्त जळतं. काही गाड्यांच्या पुस्तकात हवामानानुसार दोन-तीन पर्याय दिलेले असतात. जड ओझं आणि घाट असेल तर त्यातला गरम बाजूचा मोठा आकडा निवडावा. पण पुस्तकातल्या पर्यायांच्या बाहेर जाऊ नये.

आकड्यांइतकीच महत्त्वाची अक्षरं असतात आणि ती कोणी वाचत नाही. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या वर्गवारीत ‘एस’नं सुरू होणारी श्रेणी पेट्रोल गाड्यांची आणि ‘सी’नं सुरू होणारी डिझेलची. पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितकी श्रेणी नवी. पेट्रोलमध्ये एसएन ही श्रेणी २०१० मध्ये आली, एसपी २०२० मध्ये. डिझेलमध्ये सीआय-४ ही २००२ ची, सीके-४ ही २०१६ च्या अखेरची.

डिझेल गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसवलेली असते. साध्या ऑइलमधली रसायनं जळून जी राख होते ती या जाळीत अडकते आणि पुन्हा जळून जात नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइलच लागतं; युरोपीय वर्गवारीत ते ‘सी’ गटात मोडतं, उदाहरणार्थ सी-३. घरात जुनी जीप आणि नवी गाडी दोन्ही असतील आणि मोठा कॅन आणून दोघींना एकच ऑइल घालायचा बेत असेल, तर तो महागात पडेल.

मिनरल की सिंथेटिक? सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसतं, टर्बो असलेल्या इंजिनाला ते बरं. पण ‘सिंथेटिक आहे, दुप्पट चालेल’ हे स्वतःच्या मनानं ठरवू नये. काजळी आणि धूळ त्यातही तेवढीच जमते.

पुस्तकातली दुसरी ओळ

आता बदलाच्या मुदतीकडे येऊ. आजच्या पुष्कळ मोटारींच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी येईल ते, अशी मुदत असते. ही झाली पहिली ओळ. तिच्याखाली, बहुधा बारीक अक्षरांत, दुसरी ओळ असते : कठीण परिस्थितीत गाडी चालत असेल तर मुदत कमी करावी. पुष्कळदा ती निम्मी असते. कठीण परिस्थिती म्हणजे काय? धुळीचा रस्ता, डोंगराळ चढ-उतार, जास्त ओझं, वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या, इंजिन चालू ठेवून उभं राहणं. अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावर प्रवासी घेऊन जाणाऱ्या गाडीला यातली कोणती अट लागू होत नाही, ते सांगा! तरीही आपण पहिली ओळच पाळत असतो.

निम्मं का, हे एका हिशेबावरून पटेल. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरचा तासांचा मीटर ठाऊक आहे. ट्रॅक्टरचं ऑइल कोणी किलोमीटरवर बदलत नाही, साधारण २५० तासांवर बदलतात. कारण नांगराला जुंपलेला ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो, अंतर थोडं आणि काम फार. मोटारीचं इंजिनही तासच मोजतं, आपण मात्र किलोमीटर मोजतो.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर थांबे धरून ताशी सरासरी ४० किलोमीटर पडले, तर १०,००० किलोमीटर व्हायला २५० तास लागतात. तीच गाडी मोलगीच्या बाजूला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ताशी सरासरी २० नं चालली, तर १०,००० किलोमीटरला लागतील ५०० तास. म्हणजे काम दुप्पट, तेही चढावर, भरल्या गाडीनं, तापलेल्या ऑइलवर. २५० तास ५,००० किलोमीटरवरच भरतात. ट्रॅक्टर आणि मोटार यांची इंजिनं वेगळी, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण पुस्तकातली दुसरी ओळ काय म्हणते ते त्यातून नीट कळतं.

खर्चाचंही पाहू. समजा ऑइल आणि फिल्टर मिळून एका बदलाला अडीच हजार रुपये लागतात आणि गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर चालते. मुदत १०,००० वरून ५,००० वर आणली तर वर्षाला तीन बदल वाढतात, म्हणजे साडेसात हजार रुपये. दिवसाला साधारण २० रुपये. एका प्रवाशाच्या भाड्याच्या आसपासची ही रक्कम. उलट इंजिन खोलायची वेळ आली, तर खर्च वेगळा आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिल्यानं बुडालेली कमाई वेगळी. काठीच्या होळीच्या दिवसांत, ऐन गर्दीत हे घडलं तर हंगामच गेला.

गाडी अगदी कमी चालवणाऱ्यांनाही एक इशारा. घरापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या कचेरीत किंवा शाळेत जाऊन येणारी गाडी वर्षात ३,००० किलोमीटरही चालत नाही, म्हणून ऑइल तीन वर्षं ठेवायचं, असं करू नका. एवढ्या अंतरात इंजिन पुरतं तापत नाही. आत जमलेला ओलावा आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्येच राहतं. त्यांनी निदान वर्षाला ऑइल बदलावंच.

रोजची पाच मिनिटं

योग्य ऑइल घातलं, वेळेवर बदललं, तरी ते पुरेसं आहे का हे पाहावं लागतंच. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवी. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरणंही वाईट. क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. डीपीएफवाल्या डिझेल गाडीत ऑइल न घालता पातळी वाढलेली दिसली तर समजा की जाळी साफ करण्यासाठी सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. गाडी सारखी थोडं थोडं चालवून बंद केली की असं होतं. तेव्हा मुदत न पाहता ऑइल बदला.

डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. घाटात वळणावर तो क्षणभर लुकलुकला तरी ऑइल कमी झाल्याची शंका घ्या. पेटून राहिला तर ‘गावापर्यंत नेऊ’ म्हणू नका, जागीच इंजिन बंद करा. दाब नसलेलं इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकतं. आणि टर्बो गाडी घाट चढून आली की लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन तसंच चालू द्या, तेवढ्यात टर्बोचं बेअरिंग निवतं.

ऑइल बदलताना फिल्टर बदला, ड्रेन नटचा वायसर नवा घाला. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर पाहा, कारण तिथून शिरलेली धूळ शेवटी ऑइलमध्येच येते. ऑइल पक्क्या बिलावर, सील पाहून घ्या, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाका. धड डब्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा बाजारात येतो.

शेवटचा मुद्दा जळक्या ऑइलचा. ते नाल्यात ओतणं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासणं, गुरांच्या जखमेवर लावणं, हे सगळं थांबायला हवं. त्यात धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्यं असतात. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार, एका गॅलन जळक्या ऑइलनं दहा लाख गॅलन गोडं पाणी दूषित होऊ शकतं. आपल्या डोंगरातले नाले नर्मदेला आणि तापीला मिळतात, आणि वाटेत त्याच नाल्यांच्या झिऱ्यांवर पाड्यांचं पाणी भरलं जातं. जळकं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, त्याचं शुद्धीकरण करणाऱ्या अधिकृत कारखान्यासाठी जमा करणाऱ्याकडेच द्यावं.

तेव्हा आज एवढंच करा. कपाटातलं पुस्तक काढा, ऑइलचा आकडा आणि अक्षरं कागदावर उतरवून घ्या, आणि मुदतीची दुसरी ओळ वाचा. गॅरेजमध्ये जाताना तो कागद खिशात असू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)