शांतिदानाच्या क्षणी

रविवारच्या मिस्सेत कम्युनियनच्या थोडं आधी एक क्षण येतो. धर्मगुरू वेदीवरून सांगतात, एकमेकांना शांती द्या. बाकाबाकांतून माणसं वळतात, पुढच्याकडे, मागच्याकडे. पूर्वी हात मिळवायचे. करोनात नमस्कार सुरू झाला आणि आमच्या वसईकडच्या धर्मग्रामात बऱ्याच जणांचा तो तसाच राहिला. या क्षणी मी वर्षानुवर्षं दोन सख्ख्या भावांना पाहत आलो आहे. बापाच्या वाडीची वाटणी झाली, विहीर थोरल्याच्या हिश्शात गेली आणि पाण्याच्या पाळीसाठी धाकटा कोर्टात गेला. थोरला डावीकडच्या बाकांवर बसतो, धाकटा उजवीकडच्या. दोघेही मनापासून शांती देतात, आपापल्या बाजूच्या लोकांना. मधली वाट ओलांडून कोणी जात नाही.

माझा भाचा कॉलेज संपल्यापासून चर्चला येत नाही. देव आहे असं त्याला वाटत नाही आणि हे तो न चिडता, न लाजता सांगतो. एकदा त्याच्याजवळ या दोघा भावांचा विषय निघाला, तेव्हा तो म्हणाला, "मामा, पाणी वाटून घ्यायला जमत नाही, आणि शांती कशी काय वाटतात?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत, आणि त्याआधीही, ख्रिस्ती विचारवंतांनी शांती, न्याय आणि अश्रद्धा यांच्याबद्दल जे लिहिलं ते मी या एका प्रश्नामुळे पुन्हा वाचायला घेतलं.

सुरुवात १९६३ च्या एप्रिलमधल्या एका आठवड्यापासून करतो. ११ एप्रिल, पवित्र गुरुवार. त्या दिवशी रोममध्ये पोप तेविसावे जॉन यांचं 'पाचेम इन तेर्रिस', म्हणजे 'पृथ्वीवर शांती', हे पत्र प्रसिद्ध झालं. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कडेला जाऊन आलं, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. पोपना कर्करोग होता. पुढे दोन महिन्यांच्या आत ते गेले. हे पत्र त्यांनी फक्त कॅथलिकांना लिहिलं नाही, सद्भावना असलेल्या सर्व माणसांना लिहिलं. अशा पत्रात असं संबोधन याआधी आलं नव्हतं. आणि शांतीवरच्या या पत्राचा आरंभ शस्त्रांपासून होत नाही. माणसाच्या हक्कांपासून होतो: अन्न, निवारा, औषधपाणी, काम, सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य. शस्त्रांचा मुद्दा बराच नंतर येतो.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनांत मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. त्याच दिवशी तिथल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं निवेदन निघालं. त्यांत एक ज्यू रब्बाय होते, बाकीचे ख्रिस्ती. ही निदर्शनं अवेळी आहेत, लोकांनी संयम ठेवावा, प्रश्न कोर्टात सोडवावेत, असं त्यांचं म्हणणं. किंगनी कोठडीत, वर्तमानपत्राच्या समासांत, मिळेल त्या कागदावर उत्तर लिहायला घेतलं. त्यावर तारीख पडली १६ एप्रिलची. त्या पत्राचा गाभा असा: ज्या शांतीत फक्त तणाव नसतो ती खोटी, जिच्यात न्याय असतो ती खरी. द्वेष करणाऱ्या उघड शत्रूपेक्षा त्यांना जास्त दुःख दिलं होतं ते 'जरा थांबा' म्हणणाऱ्या सज्जनांनी. आणि तरुण मुलं चर्चला विटत चालली आहेत, ही खंतही त्यांनी तिथेच मांडली. माझ्या भाच्याचा प्रश्न त्या पत्रात साठ वर्षांपूर्वीच येऊन गेला होता.

पुढच्या वर्षी हा धागा आपल्या मुंबईत आला. २ डिसेंबर १९६४ ला पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्ट परिषदेसाठी मुंबईत उतरले. पोपपदावर असताना भारतात पाऊल ठेवणारे ते पहिलेच. वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी उपनिषदातली प्रार्थना म्हटली, असताकडून सताकडे नेण्याची विनवणी करणारी. जाताना, त्यांच्या प्रवासासाठी भेट मिळालेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली, आणि मदरनी तिची सोडत काढून पैसे कुष्ठरोग्यांच्या कामाला लावले. आमच्याकडची म्हातारी माणसं या दोन गोष्टी आजही सांगतात. तिसरी मात्र विस्मरणात गेली आहे. ४ डिसेंबरला पत्रकारांशी बोलताना पोपनी सगळ्या राष्ट्रांना आवाहन केलं की शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग काढून गरीब देशांसाठी जागतिक निधी उभारावा. १९६७ साली विकासावर लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुंबईतल्या या आवाहनाची आठवण काढली, आणि विकास हेच शांतीचं नवं नाव आहे असं म्हटलं. तो निधी काही उभा राहिला नाही. तरी शांतीचा हिशेब भाकरीत मांडायचा, हे पोपने मुंबईतून सांगितलं होतं, याचं मला अप्रूप आहे. आपण ते का विसरलो, हेही विचारावंसं वाटतं.

अश्रद्धेविषयीचं सर्वांत धाडसी वाक्य मला ७ डिसेंबर १९६५ च्या दस्तऐवजात सापडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातल्या चर्चबद्दल जो मसुदा मंजूर केला त्यात निरीश्वरवादावर काही परिच्छेद आहेत. तिथे पाखंडी, पतित असे शब्द येतील या अपेक्षेने वाचायला गेलो. तिथे म्हटलं आहे ते असं, की निरीश्वरवाद वाढण्यात खुद्द श्रद्धावंतांचा वाटा लहान नाही. धर्मशिक्षणाची हेळसांड, चुकीची मांडणी, आणि धार्मिक, नैतिक व सामाजिक जगण्यातल्या उणिवा यांमुळे ते देवाचं खरं रूप दाखवण्याऐवजी झाकतात. 'सामाजिक' हा शब्द तिथे आहे हे महत्त्वाचं. भाचा चर्चपासून दुरावला तो डार्विन वाचून नव्हे. आमच्याकडे बघून.

हाच विचार त्याच्या वीसेक वर्षं आधी तुरुंगात बसून आणखी पुढे नेला होता डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन धर्मपंडिताने. १९३४ साली डेन्मार्कमधल्या फानो बेटावर भरलेल्या परिषदेत त्याने बजावलं होतं की सुरक्षितता आणि शांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सुरक्षिततेच्या वाटेने गेलं तर शांती लागत नाही. त्याच वर्षी त्याने गांधीजींकडे आश्रमात येऊन राहण्याची इच्छा कळवली होती आणि गांधीजींनी येण्याचं निमंत्रणही पाठवलं. ते राहून गेलं. पुढे हिटलरविरोधी कटाशी संबंध आल्यामुळे तो बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होता. तिथून ३० एप्रिल १९४४ ला त्याने मित्राला लिहिलं, की माणसं आता धर्माशिवाय जगू लागली आहेत, तर त्यांच्यासाठी ख्रिस्त कोण? धार्मिक माणसांपुढे देवाचं नाव काढताना आपण अडखळतो आणि धर्म न मानणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलू शकतो, अशी कबुलीही त्याच पत्रात आहे. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी झाली.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा बऱ्याच भाविकांना धक्का बसला. कोलकात्यातलं काम सुरू झाल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची चाहूल लागत नव्हती. ही पत्रं नष्ट व्हावीत असं त्यांना वाटत होतं. ती छापली गेली हे बरं झालं. अंधारात राहूनही पहाटे उठून रस्त्यावरचा मरणारा माणूस उचलता येतो, हे त्यांच्यामुळे कळलं.

मराठीत या सगळ्याचा विचार करताना पंडिता रमाबाईंपाशी थांबावंच लागतं. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना आजही धाप लागते. पवित्र त्रैक्याचा सिद्धांत मला पटलेला नाही, पटेपर्यंत मी तो मानल्याचं सोंग करणार नाही, असा त्यांचा बाणा. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी विचारलं की हे ठरवणारे ते कोण? एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. ही अश्रद्धा नव्हे. पण प्रस्थापित श्रद्धेला ती अश्रद्धाच वाटली. माझ्या मते मराठी ख्रिस्ती विचाराची खरी सुरुवात या नकारात आहे.

आणि हा नकार न्यायाशी जोडलेला होता. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग दुष्काळात केडगावचं मुक्ती सदन. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी बंदोबस्तात बायकांची जी परवड होत होती ती त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. राज्यकर्ते ख्रिस्ती, त्याही ख्रिस्ती, म्हणून गप्प बसल्या नाहीत. धर्म बदलला म्हणून इकडच्यांनी दूषणं दिली, तोंड मिटलं नाही म्हणून तिकडच्यांनी. केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. मुक्ती सदनातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले. ज्या बायकांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हातून तो ग्रंथ छापला गेला, याहून मोठं भाष्य त्यावर लिहिता येईल असं मला वाटत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही प्रस्थापित चौकट ओलांडली: अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही.

आमच्या घरातलं बोललं नाही तर हा आढावा खोटा ठरेल. जात चर्चच्या दाराशी थांबली नाही. देशात अनेक ठिकाणी दलित ख्रिस्तींसाठी बाक वेगळे होते, दफनभूमीत जागा वेगळी होती आणि काही ठिकाणी अजून आहे. राज्याच्या लेखी मात्र ते दलित नाहीत: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. चर्चच्या आत कमी प्रतीचे आणि बाहेर मोजदादीतच नाहीत, असा हा दुहेरी अन्याय आहे. १९८१ साली बंगळुरूच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात अरविंद निर्मळ यांनी भाषण केलं आणि दलित ईश्वरविद्येला तोंड फुटलं. जुन्या करारात इस्राएली माणूस आपल्या भटक्या पूर्वजाचं नाव घेऊन श्रद्धा सांगतो. निर्मळांनी म्हटलं, माझ्या पूर्वजाला तर भटकण्याचंही स्वातंत्र्य नव्हतं. भारतातल्या ख्रिस्ती ईश्वरविद्येने तोवर वेदान्ताशी संवाद पुष्कळ केला होता, महारवाड्याशी केला नव्हता.

न्याय मागितला की शांती मोडते, अशी भीती नेहमी घातली जाते. ती अगदीच पोकळ नाही, आणि दक्षिण आफ्रिकेत तिची सर्वांत अवघड परीक्षा झाली. १९९६ च्या एप्रिलमध्ये आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोगाची सुनावणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतला एक जुना कैदी आपल्या छळाबद्दल सांगत होता आणि टूटू टेबलावर डोकं टेकून रडले. आयोगाची अट अशी, की राजकीय हेतूने केलेला गुन्हा पूर्ण उघड करणाऱ्याला माफी मिळू शकेल. वर्णद्वेषी राजवटीच्या कोठडीत मारले गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिलं. आमचा खटल्याचा हक्क तुम्ही परस्पर कसा सोडता, असा त्यांचा सवाल होता. न्यायालयाने तरतूद कायम ठेवली. टूटूंबद्दल मला अपार आदर आहे, तरी या जागी मी बिको कुटुंबाच्या बाजूचा आहे. क्षमा ज्याची त्याने करायची असते.

फादर स्टॅन स्वामी हे नाव काढलं की आमच्या सभांमध्ये अजून शांतता पसरते. झारखंडमध्ये विनाखटला तुरुंगात पडलेल्या आदिवासी तरुणांची माहिती गोळा करणाऱ्या या जेझुइट धर्मगुरूंना ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. वय ८३, पार्किन्सनने हात थरथरत होते. पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. आरोप त्यांनी शेवटपर्यंत नाकारले. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, मुंबईत कोठडीतच असताना ते वारले. माझा भाचा त्या दिवशी चर्चला येणं सोडल्यानंतर पहिल्यांदा आमच्या चर्चच्या आवारात मेणबत्ती घेऊन उभा होता. मी त्याला काही विचारलं नाही.

वसईत हे सगळं एका माणसात एकत्र दिसायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते महाराष्ट्राने पाहिलं. आम्ही त्यांना त्याच्या कितीतरी आधी हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर पाहिलं होतं. टँकरने पाणी उपसून विहिरी खारट होतात, हे ते प्रवचनात सांगायचे. धर्मगुरूने बिल्डरांवर बोलावं का, असं तेव्हा बऱ्याच सज्जनांनी विचारलं. २५ जुलै २०२४ ला फादर गेले. अंत्यदर्शनाच्या रांगेत कुठल्याच धर्माचे नसलेलेही उभे होते.

त्या दोन भावांचं सांगायचं राहिलं. कोर्टातली तारीख अजून पडतेच आहे. गेल्या उन्हाळ्यात धाकट्याची केळी करपायला लागली, तेव्हा भाचा दोघांच्याही घरी जाऊन आला, एकदा नव्हे, सहा-सात वेळा. विहिरीला किती वेळात किती पाणी येतं ते त्याने मोजलं. मग पंपाच्या खोलीत एक कागद चिकटला, वर प्लास्टिक लावून: सोमवार, बुधवार, शुक्रवार धाकट्याचे, मंगळवार, गुरुवार, शनिवार थोरल्याचे. रविवारी पंप बंद. चर्चमध्ये दोघे अजून आपापल्या बाजूलाच बसतात. मागच्या रविवारी शांतिदानाच्या वेळी थोरल्याने मान वळवून पलीकडे पाहिलं. धाकटा तेव्हा मागच्या बाकावरच्या बाईंना नमस्कार करत होता.