जुना जेसीबी घेताय? रंग नको, आधी बकेट उचलून बघा!

पायाचे खोदकाम, शोषखड्डा, पाइपलाइनची चारी... घरची कामे वाढली की स्वतःचे जुने मशीन घ्यावेसे वाटते. मात्र, वर्षभरात किती तास काम आहे, हा हिशेब आधी मांडा. एकाच घराचा पाया असेल, तर तासाच्या भाड्याने मशीन लावणेच परवडते.

कोणते मशीन कशासाठी?

- मिनी ट्रॅक्टर : मशागत, फवारणी, माती ओढणे. खोल खोदाई त्याचे काम नाही.
- मिनी एक्स्कॅव्हेटर : अरुंद बोळातही जातो, साधारण 2 मीटर खोदतो. चेनवर चालतो, त्यामुळे न्यायला दुसरी गाडी लागते.
- बॅकहो, म्हणजे आपला 'जेसीबी' : 4 मीटरहून खोल खोदतो, रस्त्यावरून चालत येतो. वळायला मोकळी जागा हवी.

घेण्याआधी काय तपासाल?

- इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. आधीच गरम केलेले असेल, तर स्टार्टिंगचा दोष लपतो.
- भरलेली बकेट थोडी उचलून इंजिन बंद करा. 5 मिनिटे लांब उभे राहून बघा. बकेट भराभर खाली बसली, तर सील किंवा व्हॉल्व्ह खराब आहेत.
- बकेट जमिनीला टेकवून आर्म हलवा. सांध्यात ढिलाई दिसली, तर पिन-बुशचा खर्च धरा.
- हायड्रॉलिक ऑइल दुधाळ असेल, तर त्यात पाणी गेले आहे.
- मीटरवर तास कमी, पण पेडल गुळगुळीत? मग मीटरवर विश्वास ठेवू नका.

कागदपत्रे

ट्रॅक्टर, बॅकहोच्या आरसीवरील चेसिस आणि इंजिन नंबर मशीनशी जुळवा. कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घ्या. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. त्यावर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.