पुण्यात बनलेली लस, आफ्रिकेची गरज आणि पैसे कुणाचे?

मी मूळचा मैंदर्गीचा, अक्कलकोट तालुका. पोटापाण्यासाठी कोडिंग करतो आणि फावल्या वेळात तुमच्याशी बोलतो. आजचा भाग ऐकायचा नसेल तर इथे वाचा.

बायोटेक शिकणाऱ्या एका श्रोत्यानं विचारलंय, "दादा, दोन-चार देश मिळून औषध बनवतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि पैसा कोण घालतं?" प्रश्न भारी आहे. उत्तरासाठी लांब जायला नको, पुण्यापर्यंत जाऊ.

आधी प्रश्न काय होता?

आफ्रिकेत पश्चिमेच्या सेनेगलपासून पूर्वेच्या इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे. तिथं कोरड्या हवेच्या दिवसांत मेनिंजायटिसची साथ यायची. हा मेंदूच्या आवरणाला होणारा जंतुसंसर्ग. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. यातले बहुतेक रुग्ण जंतूच्या 'ए' प्रकारामुळे होते.

जुनी लस होती, पण तिचा परिणाम फार टिकायचा नाही आणि लहान लेकरांना तर तिचा उपयोग कमीच. का? ती लस जंतूच्या अंगावरच्या साखरेच्या थरापासून बनवलेली. नुसती साखर बाळाचं शरीर नीट ओळखत नाही. तीच साखर एखाद्या प्रथिनाला जोडून दिली की शरीर बरोबर ओळखतं आणि लक्षातही ठेवतं. अशा जोडलेल्या लसीला कॉन्जुगेट लस म्हणतात.

म्हणजे विज्ञान माहीत होतं. अडलं होतं ते गिऱ्हाइकापाशी. ज्यांना लस हवी त्यांच्या खिशात पैसा नव्हता, मग कंपनीनं कशाला बनवायची?

पैसा आला, पण अट घालून

२००१ मध्ये गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले, त्या वेळच्या दरानं तीनशे कोटी रुपयांच्या वर. 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट सुरू केला. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की डोस अर्ध्या डॉलरच्या आत पाहिजे, नाहीतर आम्हाला परवडणार नाही.

आता इथे थांबून विचार करा. आपण आधी वस्तू बनवतो, मग किंमत लावतो. इथं किंमत आधी ठरली आणि वस्तू तिच्यात बसवली. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांशी बोलणी झाली, पण त्या भावात जमेना.

मग कामं वाटली

साखरेचा घटक सुरुवातीला आम्स्टरडॅमच्या सिन्को बायो पार्टनर्सकडून आला. साखर आणि प्रथिन जोडायची पद्धत अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतली. धनुर्वाताच्या लसीत वापरतात ते प्रथिन आणि शेवटची लस बनवायचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. मानवी चाचण्या भारतात सुरू झाल्या आणि पुढे माली, गांबिया अशा देशांत झाल्या.

आमच्या धंद्यात म्हणतात तसं, सगळं स्वतः लिहायचं नाही, जिथं जे चांगलं आहे ते आणून जोडायचं. फरक एवढाच की इथं जोडणी चुकली तर ॲप नाही, माणूस बंद पडतो.

२०१० च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. लसीचं नाव मेनआफ्रिव्हॅक. भाव होता अर्ध्या डॉलरच्या आत, म्हणजे आपल्याकडे वीस-बावीस रुपयांच्या आसपास.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे थंड डब्याचं महत्त्व सांगायला नको. ही लस ४० अंशांपर्यंतच्या उष्म्यात चार दिवस बर्फाविना ठेवायला २०१२ मध्ये परवानगी मिळाली. वीज नसलेल्या गावांसाठी हे फार मोठं काम झालं.

पैशाचे दोन प्रकार

हे नीट लक्षात ठेवा. पहिला ढकलणारा पैसा: वस्तू बनण्याआधी संशोधनाला, चाचण्यांना दिलेला. तो बुडण्याचा धोका देणारा घेतो. दुसरा ओढणारा पैसा: "बनवा, आम्ही विकत घेतो" असा भरवसा देणारा. या गोष्टीत पहिला फाउंडेशनचा होता, तर मोहिमांसाठी मोठा हातभार 'गावी' या जागतिक लस आघाडीनं लावला. यातला एकच असता तर लस एकतर बनली नसती, नाहीतर गोदामात पडून राहिली असती.

फळ काय मिळालं? तीस कोटींहून जास्त लोकांना लस मिळाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' प्रकाराचा एकही खात्रीचा रुग्ण नोंदला गेलेला नाही.

पण दुसरी बाजूही बघा. पैसा एकाच प्रकारासाठी होता. 'सी' आणि 'डब्ल्यू' प्रकार तसेच राहिले आणि पुढे 'सी'च्या साथी नायजर, नायजेरियात आल्या. मग ब्रिटन सरकारच्या पैशातून सीरम आणि पाथनं पाच प्रकारांवरची लस बनवली. २०२४ मध्ये ती वापरणारा नायजेरिया पहिला देश ठरला. म्हणजे पैसा देणारा काय मागतो, यावर कोण वाचणार हे बरंचसं ठरतं. म्हणून पैसा कुणाचा हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे आणि त्याची २०१२ मध्ये सुरू झालेली बायरॅक ही संस्था. तिची 'बिग' नावाची योजना कल्पना सिद्ध करायला ५० लाखांपर्यंत अनुदान देते, साधारण १८ महिन्यांसाठी. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर यात मदत करतं. २०१७ च्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमध्ये तर निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा होता.

अर्ज करायचा असेल तर आधी तीन ओळी लिहा: हे कुणाला हवंय, त्याला किती परवडतं, आणि माझ्याकडे नसलेली गोष्ट जगात कुणाकडे आहे. लाफोर्स यांच्या मंडळींनीही सुरुवात इथूनच केली होती.

तुमच्या कॉलेजात कुणी असा अर्ज केला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. चला, भेटू!