पायातला ठेका

ड्रमकिटमधला सगळ्यात मोठा ड्रम म्हणजे बेस ड्रम, आणि शिकताना सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच जातं. क्लासला जाणारी मुलं पहिलं वर्ष हातांवर घालवतात. काठी कशी धरायची, सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक, पॅराडिडल. उजव्या पायाला मात्र ‘एकवर आणि तीनवर मार’ एवढीच सूचना मिळते. मग कधीतरी एखादं जलद गाणं समोर येतं, पाय मागे पडतो, नडगी भरून येते आणि घरात नवं, महागडं पेडल घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. माझं म्हणणं असं, की आहे ते पेडल बहुतेक वेळा पुरेसं असतं. फक्त ते वाजवणाऱ्याच्या पायाला जुळवून घेतलेलं नसतं. आणि फटका मारल्यावर पेडल आपणहून परत येतं, त्या परतीचा फायदा कसा घ्यायचा, हे पायाला कुणी शिकवलेलं नसतं.

शिकागोतला लाकडी नमुना

एकोणिसाव्या शतकातल्या बँडमध्ये बेस ड्रमला एक माणूस, साइड ड्रमला दुसरा आणि झांजांना बऱ्याचदा तिसरा असे. नाट्यगृहातल्या ऑर्केस्ट्राला एवढी माणसं परवडत नसत आणि बसायला जागाही नसे. तिथे एकच वादक दोन्ही ड्रम शेजारी ठेवून काठ्यांनी दोन्ही वाजवू लागला. याला ‘डबल ड्रमिंग’ म्हणत. पायाने चालणारी साधनं तेव्हाही होती, पण त्यांपैकी बरीचशी ड्रमच्या वरच्या कडेला अडकवलेली असत. त्यांचा दांडा लांब, त्यामुळे झोका मोठा आणि परत यायला उशीर. रॅगटाइमची गती आल्यावर ती कमी पडू लागली.

शिकागोत नाट्यगृहांमध्ये वाजवणाऱ्या विल्यम एफ. लुडविग यांना ही अडचण रोजच येत होती. त्यांनी लाकूड कोरून एका नव्या पेडलचा नमुना बनवला आणि यंत्रकाम जाणणारे त्यांचे मेहुणे रॉबर्ट डॅनली यांनी तो धातूत उतरवला. १९०९ मध्ये विल्यम आणि त्यांचे भाऊ थिओबाल्ड यांनी ‘लुडविग अँड लुडविग’ ही कंपनी काढली, ती या पेडलच्या बळावर. पेडल जमिनीवर, ड्रमच्या खालच्या कडेला पकडलेलं, दांडा आखूड आणि त्याच्या टोकाचा, कातड्यावर फटका मारणारा बीटर मागे खेचायला स्प्रिंग. आज दुकानात मिळणारं कोणतंही पेडल मुळात याच रचनेवर उभं आहे.

लुडविग यांनीच पुढे १९३७ मध्ये ‘स्पीड किंग’ आणलं. त्याच्या स्प्रिंगा दोन्ही खांबांच्या आत लपवलेल्या होत्या आणि साखळीऐवजी धातूची छोटी पट्टी फूटबोर्डला, म्हणजे पाय ठेवायच्या पाट्याला, वरच्या आसाशी जोडत होती. लेड झेपलिनच्या जॉन बॉनमचं हेच पेडल. १९७० च्या ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ या गाण्यात त्याचं बारीक कुरकुरणं रेकॉर्डिंगमध्ये उतरलं आहे. हेडफोन लावून ऐकलं, तर पाय कधी खाली जातो आणि कधी वर येतो, ते त्या कुरकुरीवरून कळतं.

मधल्या काळात पायाचं कामही बदलत गेलं. तीसच्या दशकात जीन क्रूपासारखे वादक नाचणाऱ्यांसाठी चारही मात्रांवर किक, म्हणजे बेस ड्रमचा फटका, देत. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला केनी क्लार्क यांनी लय राखण्याचं काम राइड सिंबलकडे नेलं आणि बेस ड्रमला अनपेक्षित जागी ठोके देण्यासाठी मोकळं केलं. लुई बेलसन यांनी दोन बेस ड्रमच्या किटचं चित्र शाळकरी वयातच काढलं होतं. ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी ते जगाला ऐकवलं. १९८३ मध्ये ‘ड्रम वर्कशॉप’ने ५००२ हे दुहेरी पेडल बाजारात आणलं आणि एकाच ड्रमवर दोन्ही पायांनी वाजवणं सर्रास झालं.

आधी माणूस, मग पेडल, शेवटी ड्रम

बहुतेक जण उलट क्रमाने बसतात. ड्रम मधोमध सरळ ठेवतात, त्याला पेडल लावतात आणि मग स्वतःचा पाय वाकडा करून तिथपर्यंत नेतात. याऐवजी रिकाम्या जागेत फक्त स्टूल ठेवा. त्यावर बसा, पाय नैसर्गिक पडतील तसे पडू द्या. उजवा पाय जिथे आणि ज्या दिशेला टेकला, तिथे त्याच दिशेने पेडल ठेवा. मग ड्रम आणून त्या पेडलला लावा. ड्रम थोडा उजवीकडे तोंड करून बसेल. बसू द्या. गुडघा आणि पाऊल एका रेषेत आले, की घोट्यावरचा पीळ जातो.

स्टुलाची उंची अशी हवी, की मांडी जमिनीला समांतर असण्यापेक्षा गुडघ्याकडे किंचित उतरती राहील. फार खाली बसलं, तर प्रत्येक फटक्याला मांडी उचलावी लागते आणि कंबर दुखू लागते. फार वर बसलं, तर टाच टेकून वाजवणं अवघड होतं. अंतराचं म्हणाल, तर घोटा गुडघ्याच्या बरोबर खाली किंवा थोडा पुढे यावा.

ड्रमच्या पुढच्या पायांची टोकं जमिनीत नीट रोवलेली हवीत आणि खाली जाड गालिचा हवा. ड्रम प्रत्येक फटक्याला इंचभर पुढे सरकत असेल, तर वाजवणारा नकळत त्याचा पाठलाग करत राहतो. पेडलची पकड ड्रमच्या कडेवर सरळ बसली आहे ना आणि पेडलचा तळ सगळीकडून जमिनीला टेकला आहे ना, हेही बघावं.

कोन, स्प्रिंग, बीटर

पेडलवरच्या चाव्यांपैकी पहिली बीटरच्या दांड्याची उंची ठरवते. बीटर कातड्याच्या मध्यावर किंवा किंचित वर लागायला हवा. २२ इंची ड्रमला हा मध्य कडेपासून ११ इंचांवर येतो. १८ किंवा २० इंची ड्रमवर तोच बीटर मध्याच्या बराच वर लागतो, म्हणून छोट्या ड्रमखाली उचलपट्टी बसवतात. दांडा वर काढला तर फटक्याला वजन येतं, पण परत यायला वेळ लागतो. खाली घेतला तर बीटर हलका आणि चपळ होतो.

दुसरी चावी बीटरच्या कोनाची. पाय काढल्यावर बीटर कातड्यापासून साधारण ४५ अंश मागे थांबला, तर सुरुवातीला ते बरं. कोन वाढवला की झोका मोठा आणि आवाज भरदार, कमी केला की अंतर छोटं आणि हळू आवाजात वाजवणं सोपं.

तिसरी चावी स्प्रिंगची, आणि सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दल आहेत. जलद वाजवायचं म्हणजे स्प्रिंग आवळायची, असं सर्रास सांगितलं जातं. घट्ट स्प्रिंग बीटर लवकर मागे आणते खरी, पण तो खाली नेताना पायाला तेवढंच जास्त ढकलावं लागतं. अंदाज घ्यायला टाच टेकवून पाऊल फूटबोर्डवर सैल सोडा. पायाच्या वजनानेच बीटर कातड्याला जाऊन चिकटला, तर स्प्रिंग सैल आहे. पाऊल वर ढकललं जात असेल, तर घट्ट आहे. बीटर अधांतरी, कातड्यापासून थोडा दूर राहिला, तर तिथून सुरुवात करावी. मग पाय काढून बीटर बोटाने मागे ओढून सोडा. तो बराच वेळ झुलत राहिला पाहिजे. दोन-चार झोक्यांतच थांबत असेल, तर दोष स्प्रिंगचा नसून सांध्यात साचलेल्या धुळीचा आणि गंजाचा आहे. मुंबईत आणि कोकणात एका पावसाळ्यात हे होतं. सांधे पुसून हलक्या मशीन ऑइलचा एखादा थेंब दिला, की तेच पेडल ओळखू येत नाही.

बीटर फेल्टचा असेल तर आवाज गोल येतो, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा असेल तर टोकदार. साखळी ज्या चाकावरून फिरते, ते पूर्ण गोल असेल तर पायाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच प्रतिसाद मिळतो. ते लंबगोल असेल, तर शेवटाकडे बीटर वेग घेतो.

या सगळ्यात नियम एकच: एका वेळी एकच चावी फिरवा आणि दोन-तीन दिवस वाजवून बघा. तिन्ही एकदम फिरवल्या, तर काय सुधारलं आणि कशामुळे, ते कधीच कळणार नाही. जमलेल्या जागांवर मार्करने खूण करून ठेवा.

टाच खाली, टाच वर

टाच टेकवून वाजवताना फक्त घोटा हलतो. खाली दाबायला पोटरी आणि पाऊल परत उचलायला नडगीपुढचा स्नायू. हा स्नायू रोजच्या चालण्यात एवढा राबत नाही, म्हणून नवशिक्यांची नडगी भरून येते. आवाज हळू, पण ताबा उत्तम. जॅझमध्ये चारही मात्रांवर इतकी हळुवार किक देतात, की ती ऐकू येण्याऐवजी नुसती जाणवते. याला ‘फेदरिंग’ म्हणतात आणि त्याला टाच खालीच लागते.

टाच उचलली की मांडीचं वजन कामाला येतं. रॉकला लागणारा आवाज यातून मिळतो. इथे नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक फटक्याला अख्खा पाय उचलून आपटणं. सावकाश लयीत ते खपतं, गती वाढली की मांडी थकते. टाच फूटबोर्डपासून इंचभरच वर ठेवावी, चवडा पाट्याला टेकलेलाच राहू द्यावा आणि गती वाढत जाईल तसं काम मांडीकडून घोट्याकडे सोपवावं.

दोन्ही पद्धती यायला हव्यात. एका गाण्याच्या मुखड्यात टाच खाली आणि क्रॉसलाइनला, म्हणजे अंतऱ्यातून मुखड्याकडे परत नेणाऱ्या ओळीला, वर, असं वाजवणारे पुष्कळ आहेत.

खुला फटका, बंद फटका

तबला ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला पुढची गोष्ट चटकन कळेल. डग्ग्यावर ‘गे’ वाजवताना बोटं लगेच उठतात आणि नाद मोकळा होतो. ‘क’ वाजवताना पंजा पुडीवरच राहतो आणि नाद तिथेच मिटतो. बेस ड्रमचंही असंच आहे. बीटर कातड्याला लागून परत आला तर ड्रम बोलतो, आणि तिथेच दाबून धरला तर आवाज आखूड, कोरडा होतो. दोन्ही आवाज उपयोगाचे आहेत. पण तबलजी ‘गे’ आणि ‘क’ ठरवून वाजवतो. ड्रम वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण मात्र बीटर दाबून ठेवतात, तो केवळ पाय उचलायची सवय नसल्यामुळे.

हा खुला फटका हाती आला, की गतीचं कोडं सुटू लागतं. बीटर दाबून धरला, तर पुढच्या फटक्यासाठी तो आधी सोडवावा लागतो. परत येऊ दिला, तर कातडं आणि स्प्रिंग दोघं मिळून त्याला मागे आणतात आणि पायाला फक्त पुढचा धक्का द्यायचा उरतो. ड्रममध्ये उशी कोंबलेली असेल किंवा कातडं अगदी ढिलं असेल, तर ही उसळी मिळत नाही. उशी कातड्याला जेमतेम टेकेल एवढीच ठेवून बघावं.

बॉनमचा पाय याच उसळीवर चालायचा. १९६९ च्या ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ या गाण्यात अर्ध्या मात्रेचे तीन भाग पडतात. त्यातला पहिला हाताकडे आणि पुढचे दोन पायाकडे. ऐकणाऱ्याला दोन बेस ड्रम वाटतात, पण ड्रम एक, पेडल एक आणि पायही एकच. असे जोडफटके वाजवण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात पहिला फटका फूटबोर्डच्या मध्याजवळ पडतो आणि चवडा पुढे सरकत दुसरा देतो. दुसऱ्यात पहिला फटका टाचेच्या बाजूने पाऊल टाकून आणि दुसरा चवड्याने. सरकणारा पाय बहुतेकांना आधी जमतो. दोन्हींत पहिला फटका खुला राहिला नाही, तर दुसरा निघतच नाही.

रोजची दहा मिनिटं

मेट्रोनोम ६० वर लावा. फक्त उजवा पाय, टाच खाली, प्रत्येक मात्रेला एक खुला फटका. कान आवाजावर ठेवा: सगळे फटके सारखे येतात का? मग मात्रेला दोन. मग हेच टाच वर करून. आवाज सारखा येईपर्यंत गती वाढवू नका, आणि वाढवाल तेव्हा चार-चारने वाढवा.

यानंतरचा सराव आपल्या मातीतला आहे. तीनतालाचा ठेका तोंडाने म्हणा आणि पायाला डग्ग्याचं काम द्या. पहिल्या मात्रेपासून नवव्यापर्यंत किक, दहा ते तेरा पाय स्तब्ध, चौदापासून पुन्हा सुरू. डावा पाय हाय-हॅटवर १, ५, ९ आणि १३ या मात्रांना. तेराव्या मात्रेला डावा पाय एकटा पडतो आणि चौदाव्याला उजवा येतो. तिथे तोल जातो, आणि नेमका तिथेच शिकायला मिळतो. पाय वाजवायला शिकतो, तसा थांबायलाही यातूनच शिकतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खालच्या मजल्याचा विचार करावा, कारण पेडलचा हादरा हवेपेक्षा जमिनीतून जास्त जातो. सरावाचा पॅड आणि खाली जाड रबरी चटई बरीच मदत करते. पेडल नसतानाही टाच टेकवून चवडा उचलण्याचा व्यायाम कुठेही होतो, त्यातून नडगीचा स्नायू तयार होतो. स्नायू थकला तर थोडं थांबून पुन्हा वाजवावं. टोचल्यासारखं दुखलं, तर त्या दिवशी पेडल बंद. जाड तळाचे बूट टाळावेत. पातळ तळ किंवा अनवाणी पाय, जे ठरवाल ते कार्यक्रमातही तसंच ठेवावं.

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो किंवा कॉलेजचा बँड, किट बऱ्याचदा भाड्याचं असतं. ड्रम कुठलाही चालेल, पण पेडल स्वतःचं न्यावं, कारण त्यावरच्या खुणा आपल्या पायाच्या आहेत. आणि जे शिकवतात त्यांना एक विनंती: विद्यार्थ्याच्या हातात पहिल्यांदा काठ्या द्याल, त्याच तासाला त्याला पेडलवर पाय ठेवू द्या आणि खुला फटका ऐकवा. हाताला वर्षभर आणि पायाला उरलेला वेळ, या वाटणीमुळे चांगले हात असलेली अनेक मुलं अर्धीच ड्रमर होतात. पहिल्या दिवसापासून पायाला हाताइतका वेळ दिला, तर ती पूर्ण ड्रमर होतील.