फंक्शनचे उत्तर कधी तपासावे?

खंडाळा तालुक्यातले लोणंद हे पुणे–मिरज लोहमार्गावरचे स्टेशन. हा मार्ग दीर्घकाळ एकेरी होता. एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनाकडे ‘लाइन क्लिअर’ मागतो आणि ते मिळाल्याखेरीज गाडी सोडत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र विचारून, उत्तर न ऐकताच गाडी सोडता येते.

फंक्शन म्हणजे ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा. काम झाल्यावर तो बोलावणाऱ्याच्या हाती एक उत्तर ठेवतो. ती रिटर्न व्हॅल्यू. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेत काम फसल्याची वार्ता बहुधा याच वाटेने येते, आणि ती वाचण्याची सक्ती भाषा करत नाही. म्हणून ‘प्रत्येक उत्तर तपासा’ असे शिकवतात. ते कोणी पाळत नाही. पडद्यावर मजकूर छापणारे ‘प्रिंटएफ’ किती अक्षरे छापली ते दर वेळी सांगते. ते न ऐकल्याने सहसा काही अडत नाही.

काम फसण्याची शक्यता किती, हा हिशेबही फसवा आहे. उत्तर ‘नाही’ आले असता पुढची ओळ काय करील, एवढेच पाहावे.

लिनक्समध्ये सर्वाधिकार घेऊन सुरू झालेला प्रोग्रॅम ‘सेटयूआयडी’ या फंक्शनने ते अधिकार उतरवतो. अधिकार मागायचे नाहीत, सोडायचे आहेत. त्यात काय फसणार? पण एका वापरकर्त्याच्या नावावर किती प्रक्रिया चालाव्यात याला मर्यादा असते, आणि ती भरलेली असेल तर त्या काळी हे फंक्शन नकार देई. अँड्रॉइड फोन संगणकाशी जोडणाऱ्या ‘एडीबी’ सेवेत हा नकार तपासलेला नव्हता. २०१० साली हे हेरणाऱ्यांनी आधी प्रक्रियांची मर्यादा भरून टाकली आणि मग ती सेवा पुन्हा सुरू करवली. अधिकार उतरलेच नाहीत, सेवा सर्वाधिकारानिशी चालू राहिली आणि फोन ताब्यात आला. पडद्यावर चुकीची एक ओळही उमटली नाही. दुरुस्तीला दोन-तीन ओळी पुरल्या.

फाइल लिहिण्याचेही असेच. ‘एफराइट’ होकार देते तेव्हा मजकूर बऱ्याचदा मेमरीतच थांबलेला असतो. डिस्क भरल्याचे ‘एफक्लोज’ करताना कळते. नवी फाइल लिहून जुनी पुसणाऱ्या प्रोग्रॅमने हे शेवटचे उत्तर पाहिले नाही, तर दोन्ही जातात. (विजेचा भरवसा नसेल, तर पुसण्याआधी ‘एफसिंक’चेही उत्तर घ्यावे.)

सी++च्या २०१७च्या आवृत्तीत फंक्शनवर ‘नोडिस्कार्ड’ अशी खूण करता येऊ लागली. उत्तर टाकून दिले की कंपायलर टोकतो. मुद्दाम टाकायचेच असेल, तर त्यापुढे ‘व्हॉइड’ लिहून तो गप्प करता येतो. ही पळवाट मला आवडते. विसरलेले कोणते आणि सोडलेले कोणते, ते मागून वाचणाऱ्याला कळते.